बिभीषणनं हरवलेला टँकर

तालुक्याच्या दूध संघानं टँकर घेतला, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना एकेक गाय रंगवून घेतली. पेंटर मूळचा नाटकांचे पडदे रंगवणारा. त्यानं गायीच्या डोळ्यांत काजळ घातलं, पापण्या लांबलचक काढल्या आणि तोंडावर असं हसू आणलं, की तिला नुकतंच कुणीतरी बघून पसंत करून गेलंय असं वाटावं. हा टँकर बेंबळीचा बिभीषण चालवायचा. त्यामुळं त्याला सगळा मुलूख गायीचा ड्रायव्हर म्हणायचा.

बिभीषण माणूस सरळ. गाडी जपून चालवायचा, टायरशी प्रेमानं बोलायचा आणि रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं की विचारायचा, ‘कुठं चाललाव?’ आणि केबिनमध्ये बसवून घ्यायचा. पण दुधाचं काम जिवाला घोर लावणारं. उन्हाळ्यात जरा उशीर झाला की दूध नासायचं आणि संघाचे लोक असं बघायचे, जसं काही त्यानंच आत लिंबू पिळलंय. तेव्हापासून तो अधूनमधून संध्याकाळी हातभट्टीची घेऊ लागला. गावाबाहेरच्या ढाब्यामागं सगळे ड्रायव्हर बसायचे, तिथं हाही एका कडेला बसायचा. थोडी घ्यायची, त्यांच्यातल्या माणिकप्पाचा विनोद ऐकायचा आणि घरी जाऊन जेवायचं. चांगुणा, म्हणजे त्याची बायको, कुरकुर करायची, पण ताट वाढायची.

मग शहाऐंशीचा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात जनावरं छावणीत गेली, दूध आटलं आणि रिकामा उभा राहिलेला गायीचा टँकर सरकारनं पाण्याला लावला. धुऊन धुऊनसुद्धा पहिले काही दिवस पाण्याला दुधाचा वास यायचा. एका गावात पोरांनी ताक समजून मीठ टाकून प्यायलं.

तेर गावच्या नदीकाठच्या विहिरीवर टँकर भरायचा आणि गावोगाव रिता करायचा, एवढंच काम. ऐकायला सोपं. पण टँकर गावात शिरला, की घागरी, हंडे, डबे, कळशा, जे हातात येईल ते घेऊन सगळं गाव चाकाला येऊन भिडायचं. बाया टपावर चढायच्या. पाइपसाठी झोंबाझोंबी व्हायची आणि ज्याला पाणी मिळालं नाही तो शेवटी ड्रायव्हरलाच शिव्या घालायचा. एका सरपंचानं चाकापुढं आडवं होऊन, ‘पुढच्या गावाला जायचं असंल तर माझ्या अंगावरून जा,’ असं सांगितलं आणि उन्हात पडल्यापडल्या त्याला तिथंच झोप लागली. उठवायची कुणाची छाती होईना. बिभीषण टँकर घेऊन तसाच थांबला. दुसऱ्या गावानं चाकांची हवा सोडली. तिसऱ्या गावात एका आजीनं वरून घागर सोडली, ती त्याच्या डोक्यात बसली, आणि घागरीला पोचा आला म्हणून आजी त्यालाच बोलली.

सोबत क्लीनर श्रीपतीतात्या असायचे. वयानं थोरले, एका कानानं बहिरे. ते गर्दीकडं बहिरा कान करून बिडी ओढायचे. बिभीषणचे दोन्ही कान शाबूत. संध्याकाळी घरी आला तरी त्याच्या डोक्यात भांड्याला भांडं लागायचं. आवाज बंद व्हावा म्हणून तो पूर्वीपेक्षा जास्त घेऊ लागला. मग सकाळी हात थरथरायला लागले, ते थांबावेत म्हणून सकाळी घेऊ लागला. मग भूकच मेली. चांगुणा भाकरी बांधून द्यायची, ती श्रीपतीतात्या खायचे आणि तात्यांची तब्येत सुधारत चालली.

आणि हळूहळू बिभीषण विसरायला लागला.

सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. एकाच जेवणात तो तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगायचा. शेवटी चांगुणाच तिचा शेवट आधी सांगून मोकळी व्हायची, तर तो थक्क होऊन विचारायचा, ‘तुला कुणी सांगितलं?’ एका गावाला त्यानं सकाळी पाणी दिलं आणि दुपारी परत दिलं. त्या गावानं त्याला नारळ दिला. ज्या गावाचं पाणी चुकलं, ते गाव रिकाम्या घागरी घेऊन त्याच्या अंगणात येऊन बसलं.

पण खरी बोंब झाली ती मल्लिनाथच्या दारात. मल्लिनाथ म्हणजे बेंबळीतला किराणा दुकानदार. त्याचे चुलते तिकडं अक्कलकोटकडं वारले. ही बातमी बिभीषणच्या कानात शिरली खरी, पण डोक्यात पोचेपर्यंत मधले चुलते गळून गेले. तो टोपी काढून भेटायला गेला. दार मल्लिनाथनंच उघडलं. बिभीषण सतरंजीवर बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, ‘मल्लिनाथअण्णासारखा माणूस पुन्हा व्हायचा न्हाय.’

मल्लिनाथला आधी वाटलं, दुसरा कुणी मल्लिनाथ असेल. पण बिभीषण मापाचा, तराजूचा, पोरांच्या हातावर गूळ ठेवायच्या सवयीचा पाढा वाचत गेला आणि सगळं मल्लिनाथला लागू पडत गेलं. आपल्याबद्दल इतकं चांगलं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. त्यालाही भरून आलं. दोघं मिळून रडले, चहा झाला, आणि उठताना बिभीषणनं त्याचाच हात धरून सांगितलं, की घरच्यांना सांभाळा, आता तुम्हीच थोरले.

याहून वेगळी एक गोष्ट होती, तिचं मात्र चांगुणाला हसू येईना. काल कुठं होता असं विचारलं, की बिभीषण कधी ‘आठवत न्हाय’ म्हणायचा नाही. म्हणायचा, तुळजापूरला गेलो होतो. गर्दी कशी होती, पुजाऱ्याची दाढ कशी ठणकत होती, सोलापूरची एक बाई लॉजच्या जिन्यात कशी घसरली, सगळं रंगवून सांगायचा. प्रत्यक्षात तो दिवसभर ओसरीवर घोरत पडलेला असायचा. चांगुणा म्हणायची, खोटं बोलता. पण बिभीषणच्या मनाला विचारलं, तर तो खोटं बोलत नव्हता. कालच्या दिवसाकडं बघावं तर तिथं नुसतं मोकळं असायचं, आणि एस.टी.तली सीट रिकामी दिसली की खिडकीतून रुमाल पडतो, तशी त्या मोकळ्या जागेवर कुठली तरी हकीकत आपली येऊन बसायची. एकदा बसली की ती त्याला खरीच वाटायची. त्यानं त्या पुजाऱ्याची दाढ स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती.

वैशाखात एके दिवशी श्रीपतीतात्या लेकीकडं गेले होते, म्हणून बिभीषण एकटाच टँकर घेऊन निघाला. दिवस मावळायच्या सुमाराला तो घरी आला, तो पायी. कपाळाला कुंकवाचा मळवट, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ आणि चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. चांगुणानं विचारलं, टँकर कुठं आहे. बिभीषणनं मागं वळून पाहिलं, जणू टँकर त्याच्या मागोमाग चालत येत असावा.

सकाळी सगळीकडं ओरड झाली. भर दुष्काळात पाण्यानं भरलेला टँकर हरवला म्हणजे लहान गोष्ट नाही. पाणीपुरवठ्याचे साहेब जीप घेऊन दारात आले. साहेब तसे भले, पण गावोगावच्या तक्रारी ऐकून ऐकून त्यांचा डावा डोळा फडफडायला लागला होता. त्यांनी बिभीषणला पुढं बसवलं, मागं चांगुणा आणि घाईघाईनं परत आलेले श्रीपतीतात्या बसले.

बिभीषणनं न अडखळता सांगितलं, की इंजिन तापलं म्हणून टँकर तुळजापूरच्या घाटात सावलीला लावलाय. जीप घाटात गेली. तिथं सावलीच नव्हती. मग त्याला आठवलं, की एका लॉजवाल्यानं लग्नासाठी मागितला होता. लॉजवाल्याच्या घरी लग्नाजोगं कुणी नव्हतं, तो स्वतःच अजून बिनलग्नाचा होता, आणि साहेबांच्या ओळखीत एखादी मुलगी आहे का, असं विचारायला लागला. मग बिभीषण म्हणाला, की टँकर मिलिटरीनं नेला, त्यांचा मोठा साहेब गायीच्या चित्रावर खूश झाला आणि त्यानं गायीला सलाम ठोकला. साहेबांचा उजवा डोळाही फडफडायला लागला.

चांगुणानं नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. टॉवेल जुना होता. कोपऱ्याला लाल दोऱ्यानं रफू केलेलं होतं. ती साहेबांना म्हणाली, ‘साहेब, ह्यास्नी पाणी नेल्याबद्दल आजवर कुणी शिव्याबिगर काय दिलं न्हाय. एक नारळ तेवढा मिळाला, तो बी पाणी दोनदा दिलं म्हणून. ज्यांनी आपल्या अंगावरचा टॉवेल काढून ह्यांचा मान केला, त्यास्नी टँकर पैल्यांदाच दिसला आसंल.’

साहेब म्हणाले, की टँकर न पाहिलेलं गाव या तालुक्यात नाही. मग त्यांनी जीप बाजूला घ्यायला लावली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘उभामाळ.’ उभामाळ ही दोन तालुक्यांच्या शिवेवरची वस्ती. हा तालुका समजायचा ती त्या तालुक्याची, तो तालुका समजायचा ती ह्याची. दोघंही एकमेकांवर भरवसा ठेवून निवांत होते.

टँकर तिथंच होता. लिंबाखाली उभा, धुऊन पुसून लख्ख, चाकांवर हळदकुंकू, आणि गायीच्या गळ्याच्या जागी लिंबाच्या डहाळ्यांची माळ. सावलीला शेळ्या बसलेल्या. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंड्यावर बसली होती आणि तिला उठवू नये म्हणून वस्तीनं केबिनचं दार दोरीनं बांधून ठेवलं होतं. पाणी आडात सोडून घेतलेलं. बनाबाई नावाची म्हातारी पुढं आली, साहेबांकडं तिनं बघितलंही नाही, आणि बिभीषणच्या पाया पडायला वाकली. तो दचकून मागं सरला.

मग वस्तीनं कालची सगळी हकीकत सांगितली. मामलेदारसाहेब, म्हणजे बिभीषण, स्वतः टँकर चालवत आले. टपावर उभं राहून भाषण केलं. रोज पाणी मिळेल, डांबरी रस्ता होईल, एस.टी. येईल, शाळा निघेल, असं सांगितलं. बनाबाईच्या नातवासाठी तेरचं एक स्थळसुद्धा सुचवलं, मुलगी गोरी आहे आणि भाकरी मोठ्या थापते, इथपर्यंत. मग सत्कार झाला. टोपी एकाची, टॉवेल दुसऱ्याचा, नारळ देवळातला. त्यानंतर ते, ‘पुढल्या गावात मीटिंग आहे,’ असं सांगून उन्हातून पायी निघून गेले. शाळेसाठी वस्तीनं सकाळीच एक भिंत चुन्यानं पांढरी करून ठेवली होती. तिच्यापाशी नेऊन त्यांनी ती दाखवली.

श्रीपतीतात्या तोंडावर उपरणं धरून हसत होते. साहेबांनाही हसू आवरेना. बिभीषण मात्र त्या पांढऱ्या भिंतीकडं बघत उभा होता. त्यातलं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पोरासोरांपासून बनाबाईपर्यंत सगळ्या वस्तीला त्याचा कालचा दिवस तोंडपाठ होता, शेळ्यांनासुद्धा ठाऊक असेल, फक्त त्याला नव्हता. अशा वेळी एरवी एखादी हकीकत धावत येऊन बसायची. आज तीही येईना. तो टँकरच्या सावलीत शेळ्यांशेजारी जाऊन बसला.

‘चांगुणे,’ तो म्हणाला, ‘म्या काल कुठं होतो गं?’

ती त्याच्याशेजारी बसली, आणि साहेबांना म्हणाली, की जीप आता उस्मानाबादला दवाखान्यात न्या.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण आणि शांत. त्यांनी त्याला चालायला लावलं, डोळे इकडंतिकडं फिरवायला सांगितले, आणि तीन शब्द ध्यानात ठेवायला सांगितले. कुदळ, पोपट, चिंच. मग इकडचं तिकडचं बोलून त्यांनी ते परत विचारले. बिभीषण ठामपणे म्हणाला, ‘तहसीलदार, बैलगाडी आणि तुमची मंडळी.’ शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला माणूस त्याला मदत म्हणून हात पसरून पंख हलवू लागला. त्यावर बिभीषणनं विमान असं सांगितलं.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. डोकं चालायला अन्नातलं एक सत्त्व लागतं. दारू ते अंगात टिकू देत नाही, आणि जेवणच बंद असलं की आधीच थोडं असलेलं तेही संपतं. मग डोक्यात नवी आठवण धरेनाशी होते. डोक्याला मोकळी जागा सोसत नाही, ते मिळेल त्या गोष्टीनं ती भरून टाकतं. म्हणजे हा खोटं बोलत नव्हता. हे ऐकून चांगुणानं इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा डोळ्याला पदर लावला.

बिभीषणनं विचारलं, की म्हणजे डोक्याची ट्यूब पंक्चर झालीय का. डॉक्टर म्हणाले, तसंच धर. इंजेक्शनं घेशील, जेवशील आणि पुन्हा कधी घेणार नाहीस, तर पुढची हवा टिकेल. गेलेली हवा परत येणार नाही.

त्यांनी त्याला तिथंच ठेवून घेतलं. रोज इतकी पिणाऱ्यानं एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळं हे घरी करायचं काम नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरं ठरलं. पहिले काही दिवस बिभीषण घामानं निथळला, थरथरला, आणि टँकरवरची गाय वॉर्डात येऊन खाटेशी उभी राहिल्याची त्यानं नर्सबाईंकडं तक्रार केली. गाय डोळा मारते, असंही म्हणाला. नर्सबाईंनी तिला बाहेर हाकलल्यासारखं केलं, तेव्हा तो झोपला.

ढाब्यामागचे ड्रायव्हर त्याला भेटायला आले. माणिकप्पा सगळ्यांत पुढं. बिभीषणला कुदळ, पोपट, चिंच येत नाही याची त्यांनी पोट धरून मजा केली. डॉक्टर सहज म्हणाले, तुम्हीही ध्यानात ठेवून बघा. मग चहा आला, टायरच्या भावावर बोलणं झालं, आणि डॉक्टरांनी एकेकाला विचारलं. कुणाची चिंच गेली, कुणाची कुदळ. माणिकप्पाचा पोपट उडाला. तो बराच वेळ छताकडं बघत राहिला, आणि जाताना त्यानं विनोद केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच आला, म्हणाला, सहज इकडून चाललो होतो, आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिला.

साहेबांनी बिभीषणची नोकरी राखली. टँकर हरवल्यामुळं वस्ती सापडली, हे त्यांनी वर कसं कळवलं ते कुणाला कळलं नाही, पण उभामाळला टँकर सुरू झाला. शिवाय त्यांनी नवी पद्धत लावली, की टँकरचं पाणी घागरींत ओतायचं नाही, थेट गावच्या आडात सोडायचं आणि निघायचं. मग गावानं आपसात काय भांडायचं ते भांडावं. एवढ्यानं ड्रायव्हर लोकांच्या डोक्याचा निम्मा ताप गेला. हे आधी का सुचलं नाही, असं साहेब स्वतःच म्हणायचे.

बिभीषण घरी आला तो बारीक होऊन, पण भूक घेऊन. श्रीपतीतात्यांच्या वाट्याची भाकरी बंद झाली, याचं तात्यांना वाईटही वाटलं आणि बरंही. पोळ्याच्या सणाला बिभीषणचा पाय एकदा ढाब्यामागं घसरला, आणि तो आपणहून दवाखान्यात जाऊन डॉक्टरांपुढं मान खाली घालून उभा राहिला. त्यानंतर कधी नाही. पाऊस झाला, जनावरं छावणीतून परत आली, टँकरला पुन्हा दुधाचा वास लागला. मल्लिनाथच्या दुकानात गेला की मल्लिनाथ त्याला बसवून घ्यायचा आणि, माझ्याबद्दल तू काय काय म्हणाला होतास, असं हळूच विचारायचा.

काल काय झालं ते बिभीषणला पुढं नीट आठवू लागलं. फक्त ते दुष्काळाचं वर्ष जे गेलं ते गेलंच. त्या जागेकडं बघितलं की अजून मोकळं दिसायचं. पण आता तो तिथं कुठलीही हकीकत बसू देत नसे. चांगुणाला विचारायचा, त्या वर्षी काय काय झालं गं, आणि ती सांगेल ते खरं मानायचा. चांगुणानं पहिले काही महिने अगदी सगळं खरं सांगितलं.

मग एके दिवशी जेवण झाल्यावर त्यानं असंच विचारलं, तेव्हा ती चुलीपुढचं आवरता आवरता म्हणाली, ‘त्या साली तुमी रोज भांडी घासायचा की. म्या नगं म्हणायची, तुमी ऐकायचाच न्हाय.’

बिभीषण तिच्याकडं बघत राहिला. त्याचा विश्वास बसेना. पण नाही म्हणायला त्याच्याजवळ काही नव्हतं. तो उठला, बाह्या सारल्या, आणि राखेचं टोपलं कुठं ठेवलंय असं त्यानं विचारलं.